सायकल आणि गाडीची धडक: चूक कोणाची, भरपाई कोणाकडून?

या वेळच्या सदरात सायकलच्या अपघातांविषयी आलेली पत्रं घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं वगळली आहेत, गावं तेवढी ठेवली आहेत. उत्तरं मोटार वाहन कायदा १९८८, त्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्त्या आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता यांना धरून आहेत.

प्रश्न: सायकल आणि मोटार यांची टक्कर झाली की कायदा मोठ्या गाडीलाच दोषी धरतो, असं जो तो सांगतो. खरंच तसा नियम आहे का? (कोथरूड, पुणे)

नाही. वाहनाच्या आकारावरून दोष ठरवणारं कलम आपल्याकडे नाही. मग हा समज आला कुठून? एका अपघातातून तीन वेगवेगळ्या गोष्टी निघतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली पोलिसांची फाइल. न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकार वाहन चालवणं), कलम १२५ (त्यातून झालेली दुखापत) आणि मृत्यू झाला तर कलम १०६(१), ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. एफआयआरमध्ये ‘भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे’ हे शब्द छापून ठेवल्यासारखे येतात आणि ते बहुतेक वेळा मोटारचालकाच्याच नावापुढे येतात. पण एफआयआर हा आरोप असतो, निकाल नव्हे. शिवाय कलम २८१ मोटारीपुरतं नाही; सार्वजनिक रस्त्यावर कोणतंही वाहन हाकणारा त्यात येतो. म्हणजे बेफाम सायकल चालवून एखाद्या आजोबांना पाडणाऱ्यावरही ते लागू शकतं. फारसं लावलं जात नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची. इथे कोणाला तुरुंगात पाठवायचं नसतं, नुकसान कोणी आणि किती भरायचं ते ठरवायचं असतं. त्यामुळे पुराव्याची पट्टीही वेगळी. फौजदारी खटल्यात संशयाला जागा न ठेवता सिद्ध करावं लागतं. इथे ‘असंच घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं. बिमला देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे स्पष्ट केलं. ड्रायव्हर फौजदारीत निर्दोष सुटला म्हणून तुमचा दावा आपोआप बुडत नाही.

तिसरी गोष्ट मोटार वाहन कायद्याचं कलम १६४. मोटारीच्या वापरामुळे मृत्यू झाला तर ५ लाख आणि गंभीर दुखापत झाली तर २.५ लाख रुपये, चूक कोणाची हे न पाहता, गाडीमालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायचे. गंभीर दुखापत म्हणजे हाड मोडणं, दात पडणं, किंवा १५ दिवस नेहमीची कामं न करता येणं असा मोटामोटी अर्थ. सायकलस्वार स्वतः चुकलेला असला तरी ही रक्कम मिळते, आणि ‘चूक मोठ्याचीच’ या समजाचं मूळ इथेच आहे. वास्तविक मोटारीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि सायकल कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच नाही, म्हणून पैसे मोटारीच्या बाजूने येतात. दोषाची टक्केवारी हा वेगळा हिशेब.

एक मेख मात्र नीट लक्षात ठेवा. कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा, दोषावर आधारलेला दावा संपतो. कमावता माणूस जायबंदी झाला असेल तर २.५ लाख ही फार थोडी रक्कम असते. विमा कंपनीचा माणूस दवाखान्यात कागद घेऊन आला म्हणून घाईने सही करू नका.

प्रश्न: मी रस्त्याच्या डाव्या कडेने सरळ चाललो होतो. एक मोटार मला ओलांडून पुढे गेली आणि लगेच डावीकडे गल्लीत वळली. मी तिच्या अंगावर आपटलो. ड्रायव्हर म्हणतो, ‘मी आधीच वळत होतो, तूच आतून घुसलास.’ साक्षीदार नाही. आता? (राजारामपुरी, कोल्हापूर)

सायकलच्या शहरी अपघातांत हा प्रकार नेहमीचा, आणि दोन्ही बाजू मनापासून स्वतःलाच बरोबर समजतात. ओलांडणाऱ्याला वाटतं, सायकल मागे पडली. प्रत्यक्षात ताशी १८-२० किलोमीटरने चाललेली सायकल सेकंदाला ५ मीटरहून जास्त पुढे येते. मोटार वळायला वेग कमी करते आणि दोन सेकंदांत सायकल पुन्हा तिच्या बगलेत असते.

नियमाच्या दृष्टीने डावीकडे वळणाऱ्याने आधी डाव्या बाजूला यायचं, इशारा द्यायचा, डावा आरसा आणि खांद्याची बाजू पाहायची आणि सरळ जाणाऱ्याला जाऊ देऊन मग वळायचं. ओलांडून लगेच आडवं जाणं ही मोटारचालकाची चूक. पण गाडी आधीच कडेला येऊन, इंडिकेटर लावून वळायला लागली असेल आणि सायकलस्वार तिच्या व फुटपाथच्या मधल्या फटीतून पुढे जाऊ पाहत असेल, तर दोषाचा मोठा वाटा सायकलस्वाराकडे जातो.

साक्षीदार नसला तरी पत्रा बोलतो. मोटारीच्या डाव्या बाजूचा ओरखडा जवळून, तिरक्या उजेडात पाहा. सायकलचं हँडल जमिनीपासून साधारण ९५ ते १०५ सेंटिमीटर उंचीवर असतं, पायडल त्याच्या बरंच खाली. दोन्ही उंचीवर खुणा आहेत का? मोटार सायकलपेक्षा वेगात पुढे जात असेल तर खूण पुढच्या भागात सुरू होऊन मागच्या दाराकडे ओढली जाते. सायकल जास्त वेगात असेल, म्हणजे वळणाऱ्या मोटारीच्या आतून येत असेल, तर खूण मागून पुढे जाते. रंगाचे पापुद्रे ओरखड्याच्या शेवटच्या टोकाशी गोळा झालेले दिसतात, त्यावरून दिशा कळते. डावा आरसाही तेच सांगतो. मोटारीने मागून येऊन सायकलस्वाराच्या कोपराला आरसा मारला तर तो मागे दुमडतो. सायकलस्वार उभ्या किंवा सावकाश चाललेल्या गाडीच्या आरशाला मागून धडकला तर पुढे.

सायकलचंही तसंच. पुढचं चाक आणि चिमटा मागे दबलेला असेल तर सायकल कशावर तरी समोरून आदळली. मागची रिम, कॅरिअर आणि मडगार्ड चेपलेलं असेल तर धडक मागून बसली, मग ड्रायव्हर काहीही म्हणो. म्हणून अपघातानंतर सायकल लगेच दुरुस्तीला टाकू नका आणि भंगारात तर मुळीच देऊ नका. चारही बाजूंनी, मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. मोटारीची तपासणी आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक करतो. त्याच्या अहवालात डाव्या बाजूच्या खुणा नोंदवल्या जाव्यात म्हणून तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. मोटार एकदा डेंटिंग-पेंटिंग होऊन आली की तुमचा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार गेला.

प्रश्न: उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं आणि मी पडलो. गाडी चालूच नव्हती, मग मोटार वाहन कायदा लागतो का? (नौपाडा, ठाणे)

लागतो. गाडीचा ‘वापर’ म्हणजे ती धावत असतानाचाच वापर नव्हे. पुणे-बंगळुरू महामार्गावर उलटून पडलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला, त्या शिवाजी दयानू पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ‘वापर’ या शब्दाचा अर्थ व्यापक धरला. दार मागे न पाहता उघडलं तर दोष जवळजवळ पूर्ण गाडीच्या बाजूचा. दार प्रवाशाने उघडलं असलं तरी दाव्यात मालक आणि विमा कंपनी यांना पक्षकार करायचं असतं.

दाराची झेप साधारण एक मीटर असते. उभ्या गाड्यांच्या रांगेपासून तेवढं अंतर ठेवून सायकल चालवा, मग मागचे कितीही हॉर्न वाजवोत. गाडीत बसणाऱ्यांनी दाराकडच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने दार उघडायची सवय लावावी. उजव्या बाजूला बसलेल्या चालकाने डाव्या हाताने खटका ओढला की शरीर आपोआप वळतं आणि नजर मागे जाते.

प्रश्न: आमच्या गावाजवळ राज्य मार्गावर रात्री सायकलवरून घरी येणाऱ्या एका मजुराला जीपने मागून उडवलं. सायकलला दिवा नव्हता, कपडे काळपट. जीपवाला म्हणतो, दिसलाच नाही. यात दोष किती कोणाचा? (पंढरपूर तालुका)

‘दिसलाच नाही’ हे वाक्य चालकाच्या बाजूचं समजलं जातं, पण अनेकदा ते त्याच्याच विरुद्ध जातं. हिशेब करून पाहू. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला आणि रस्ता कोरडा व चांगला असला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी थांबायला सुमारे २६ मीटर लागतात, ६० ला सुमारे ४५ आणि ८० ला ७० च्या आसपास. डिपर लाइटमध्ये गडद कपड्यांतला माणूस ३० ते ४० मीटरवर आला की कसाबसा दिसतो. म्हणजे डिपरवर ६० ने चाललेला चालक, समोर काही आडवं आलं तर थांबूच शकणार नाही अशा वेगाने जात असतो. आपल्या दिव्याच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवणं ही त्याची जबाबदारी. रस्त्यावर बिनदिव्याची सायकल, बैल, खड्डा, बंद पडलेली ट्रॉली, काहीही असू शकतं, हे आपल्या भागात गाडी चालवणाऱ्याला ठाऊक असायलाच हवं.

तरीही बिनदिव्याच्या सायकलचा दोष शून्य होत नाही. लाल रिफ्लेक्टर हेडलाइटमध्ये शंभर मीटरच्या पलीकडूनही चमकतो. तो असता तर ६० च्या वेगातही चालकाला पुरेसा अवधी मिळाला असता. म्हणून अशा दाव्यांत सायकलस्वाराच्या माथी काही टक्के येतात. किती, याचं कोष्टक नाही. विचारले जाणारे प्रश्न असे: चंद्रप्रकाश किंवा रस्त्यावरचा दिवा होता का, समोरून येणाऱ्या गाडीच्या झोताने चालकाचे डोळे दिपले होते का, सायकल कडेला होती की मधोमध, ब्रेकच्या खुणा धडकेच्या आधी सुरू होतात की नंतर. धडकेच्या आधी एक मीटरही खूण नसेल तर चालकाने पाहिलंच नाही, असा निष्कर्ष निघतो. मग प्रश्न ‘का पाहिलं नाही’ असा होतो आणि पारडं चालकाकडे झुकतं.

अशा केसमध्ये पंचनाम्यात सायकलच्या मागच्या भागाचं वर्णन काय लिहिलंय ते पाहा. धडकेत रिफ्लेक्टर फुटून उडतो आणि पंचनाम्यात ‘रिफ्लेक्टर दिसून येत नाही’ असं येतं. घटनास्थळी लाल प्लॅस्टिकचे तुकडे असतील तर ते त्याच दिवशी पंचांसमोर दाखवून नोंदवून घ्यायला हवेत. मडगार्डवरचा रिकामा स्क्रू किंवा भोकही पुरावाच.

आणि ज्यांना रोज अंधारात जावं लागतं त्यांच्यासाठी: मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर, दोन्ही पायडलना पिवळे, चाकांच्या तारांत एकेक आणि मागच्या मडगार्डच्या टोकाला पांढरा पट्टा. पायडलचे रिफ्लेक्टर वरखाली हलतात, म्हणून पुढे सायकल आहे हे मागच्याला लवकर उमगतं. ऊस हंगामात उभ्या ट्रॉलीला सायकल मागून धडकण्याचे प्रकारही होतात. बिनदिव्याची, बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली रस्त्यावर धोकादायक रीतीने उभी करणं कलम १२२ प्रमाणे गुन्हा आहे. तिथे ‘धडकला तो’ म्हणून सायकलस्वाराला गप्प बसवलं जातं, ते चूक आहे.

प्रश्न: दोषाची टक्केवारी ठरली की पैशांत नेमका किती फरक पडतो? (अमरावती)

बराच. उदाहरण घेऊ. सायकलने कामावर जाणारा सुतार, वय ३८, महिन्याची कमाई २०,००० रुपये. पाय मोडून कायमचा अधूपणा आला. डॉक्टरांच्या दाखल्यातलं अपंगत्व काहीही असो, कामाच्या दृष्टीने कमाई ३० टक्क्यांनी घटली असं न्यायाधिकरणाने धरलं. (सुताराला पाय जेवढा लागतो तेवढा कारकुनाला लागत नाही, म्हणून एकाच दुखापतीचे आकडे वेगळे निघतात, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार निकालाचं सार हेच.)

स्वतःचा व्यवसाय आणि वय ४० च्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी कमाईत ४० टक्के मिळवायचे: महिना २८,०००, वर्षाला ३,३६,०००. वय ३६ ते ४० या गटाचा गुणक (वर्षाची कमाई ज्या आकड्याने गुणायची तो) १५, तेव्हा ५०,४०,०००. त्याचे ३० टक्के म्हणजे १५,१२,०००. आता सायकलस्वाराचा दोष २५ टक्के ठरला तर ३,७८,००० वजा होऊन हातात ११,३४,००० येतात. दवाखान्याचा खर्च, वेदनांची भरपाई वगैरे बाकीच्या रकमांनाही हीच कात्री लागते. गुणक सरला वर्मा निकालातले (२००९), वाढीची टक्केवारी प्रणय सेठी निकालातली (२०१७). नोकरी कायम असेल तर ४० च्या ऐवजी ५० टक्के.

विमा कंपनीचे वकील ‘सायकलस्वाराचीही चूक होती’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जबाबात का लिहितात, ते यावरून समजेल. पण नुसतं लिहून भागत नाही, सिद्ध करावं लागतं, आणि त्या चुकीमुळेच अपघात झाला हेही दाखवावं लागतं. दुचाकीवर तिघे बसले होते एवढ्यावरून दोष धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोहम्मद सिद्दीक खटल्यात म्हटलं. तोच तर्क सायकलवर डबलसीट बसलेल्यांना लावता येतो. हेल्मेटचंही तसंच. सायकलस्वाराला हेल्मेटची कायदेशीर सक्ती नाही. पाय मोडला असेल तर हेल्मेटचा मुद्दा काढण्यात काही अर्थच नाही.

दवाखान्याचे पैसे मेडिक्लेममधून मिळाले असतील तर ते भरपाईतून वजा करायचे नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये दिला आहे. बिलांच्या मूळ प्रती मेडिक्लेमला देण्याआधी झेरॉक्स काढून त्यावर रुग्णालयाचा शिक्का घ्या.

प्रश्न: मी मोटारचालक आहे. सायकलवाला उलट्या बाजूने आला, माझ्या गाडीच्या कोपऱ्याला धडकला. जमावाने माझ्याकडून पाच हजार रुपये घेतले. चूक नसताना मी काय करायला हवं होतं? (गंगापूर रोड, नाशिक)

पळून गेला नाहीत, हे सगळ्यात बरं केलंत. कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळतील अशी व्यवस्था करणं आणि २४ तासांत पोलिसांना कळवणं चालकावर बंधनकारक आहे, दोष कोणाचाही असो. जमावापासून जिवाला धोका असेल तर तिथून निघून थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जाता येतं. पण ‘थेट’ म्हणजे थेट.

पैसे देऊन मिटवण्यात दोन धोके. दिलेले पैसे पुढे तुमच्याविरुद्ध कबुलीसारखे वापरले जातात. आणि ‘माझी काही तक्रार नाही’ अशी चिठ्ठी घेतली असली तरी दोन दिवसांनी मेंदूत रक्तस्राव निघाला तर त्या चिठ्ठीवर दावा अडत नाही. त्यापेक्षा ११२ ला फोन करा, कॉलची नोंद राहते. गाड्या हलवण्याआधी फोटो काढा: दोन्ही वाहनं आणि रस्त्याची मधली रेषा एकाच चौकटीत, मग काचेचे तुकडे व माती पडलेली जागा. मातीचं सांगायला हवं. धडकेच्या क्षणी मडगार्डखालचा वाळलेला चिखल झडतो आणि बहुधा धडकेच्या जागीच पडतो. वाहनं पुढे घसरत जातात, चिखल तिथेच राहतो. सायकल उलट्या बाजूने आली होती हे तो पसाभर चिखल दाखवून देतो.

डॅशकॅम असेल तर कार्ड काढून बाजूला ठेवा, नाहीतर नवं चित्रण जुन्यावर चढतं. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, स्वतःच्या गाडीचा दावा करणार नसलात तरी. थर्ड पार्टीचा दावा वर्षभराने आला आणि कंपनीला काही माहीतच नसेल तर भांडण वाढतं. गाडीचं नुकसान सायकलस्वाराकडून वसूल करायचं तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं. व्यवहारात बंपरच्या ओरखड्यासाठी कोणी ते करत नाही आणि करूही नये. लहान खर्च स्वतः केला तर नो क्लेम बोनस तरी वाचतो.

तुमच्या बाबतीत उलट्या बाजूने येणं ही सायकलस्वाराची ठळक चूक आहे. तरीही न्यायाधिकरण एक प्रश्न विचारणारच: तो समोरून किती अंतरावरून दिसत होता? सरळ रस्त्यावर ५० मीटरवरून दिसत असूनही तुम्ही वेग कमी केला नसेल तर काही टक्के तुमच्याकडे येतील. वळणावर अचानक आला असेल तर नाही.

प्रश्न: वडिलांना सायकलवर असताना गाडीने मागून ठोकलं, गाडी पळाली. दवाखान्यात गडबडीत शेजाऱ्यांनी ‘सायकलवरून पडले’ असं सांगितलं आणि केस पेपरवर तेच आलं. आता पोलीस म्हणतात, अपघात झालाच कशावरून? (जालना)

दावे बुडण्याची जी कारणं आहेत त्यांत हे अगदी वरच्या क्रमांकाचं. कॅज्युअल्टीतला डॉक्टर दुखापतीचा इतिहास विचारतो आणि जे कानावर पडेल ते लिहितो. ती एक ओळ पुढे विमा कंपनीचा मुख्य पुरावा होते. कागदावर खाडाखोड करून घेऊ नका, त्याने केस आणखी बिघडते. वडील बोलण्याच्या स्थितीत आले की पोलिसांना त्यांचा जबाब नोंदवायला सांगा. आधी काही नोंदवलं असेल तर पुरवणी जबाब. माहिती देणाऱ्या शेजाऱ्यांचाही जबाब घ्या, त्यांनी स्वतः अपघात पाहिला नव्हता हे त्यात आलं पाहिजे. रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण) अशी नोंद झाली आहे का ते विचारा. वडिलांच्या जखमा आणि मागून चेपलेली सायकल यांची सांगड घालणारे फोटो जोडा. नुसतं पडून मागची रिम दुमडत नाही.

एफआयआरला उशीर झाला तर उशिराचं कारण एफआयआरमध्येच लिहून घ्या: ‘रुग्ण शुद्धीवर नव्हता, नातेवाईक उपचारात होते.’ हद्द आमची नाही असं ठाणेदार म्हणाले तरी कोणत्याही ठाण्यात नोंद घेता येते. ती नंतर योग्य ठाण्याकडे जाते. सीसीटीव्हीचं सगळ्यात आधी बघा. दुकानांतले रेकॉर्डर काही दिवसांतच जुनं चित्रण पुसतात. दुकानदाराला तारीख-वेळ लिहिलेला अर्ज द्या, त्याची पोच घ्या, प्रत तपास अधिकाऱ्याला द्या. चित्रण मोबाइलवर पडद्याचा व्हिडिओ काढून घेतलं असेल तर तेवढ्यावर भागत नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र सोबत लागतं.

गाडी सापडलीच नाही तर कलम १६१ ची योजना आहे: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे, सोबत एफआयआरची प्रत, दुखापतीचा अहवाल, ओळखपत्र, बँक पासबुकची प्रत. मंजुरी जिल्हाधिकारी देतात. गाडी नंतर सापडून दाव्यात भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते. मे २०२५ पासूनच्या योजनेत मोटार अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळतात, सायकलस्वारालाही.

मुदतीविषयी: २०१९ च्या दुरुस्तीने दावा सहा महिन्यांत करण्याची अट आली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, आणि नोव्हेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने केवळ मुदतीच्या कारणावर दावे फेटाळायला मनाई केली. तरी सहा महिन्यांच्या आत दाखल केलेला दावा उत्तम. तो अपघाताच्या ठिकाणी किंवा तुम्ही राहता त्या भागाच्या न्यायाधिकरणात करता येतो. तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. त्याची प्रत मागून घ्या.

प्रश्न: बॅटरीच्या सायकलला लायसन्स लागत नाही म्हणून मुलाला घेऊन दिली. टक्कर झाली तर ती सायकल की मोटार? (वाशी, नवी मुंबई)

मोटरवर आणि वेगावर अवलंबून. मोटरची ताकद २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, अशी प्रमाणित गाडी मोटार वाहन मानली जात नाही. दुकानदार ‘लॉक काढून देतो’ म्हणतात आणि ती ४० ने पळू लागते. मग ती बिननोंदणीची, बिनविम्याची मोटारच. तिने कोणाला धडक दिली तर भरपाई तुमच्या खिशातून. दुसऱ्याने मुलाला धडक दिली तर मात्र केवळ लायसन्स नव्हतं म्हणून त्याचा दोष धरता येत नाही; सुधीरकुमार राणा खटल्यात २००८ मध्ये हे ठरलं. कंट्रोलरला हात लावू देऊ नका आणि प्रमाणपत्राची प्रत बिलासोबत जपून ठेवा.

प्रश्न: आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो. मुलगी ११ वर्षांची, सायकलने शाळेत जाते. इथे म्हणे चूक कायम मोटारीचीच. भारतात सुट्टीत आल्यावर काय? (आइंडहोव्हन)

तिथेही ‘चूक’ नव्हे, जबाबदारी मोटारीची. १९९४ च्या डच रस्ता वाहतूक कायद्याच्या कलम १८५ नुसार मोटारमालकाने अटळ संकट सिद्ध केल्याशिवाय तो सुटत नाही, आणि ते सिद्ध होणं फार दुर्मीळ. सायकलस्वार १४ वर्षांखालचा असेल तर व्यवहारात पूर्ण नुकसान मोटारीकडे. १४ आणि पुढच्यांना, स्वतःची चूक असली तरी किमान निम्मं. अपवाद मुद्दाम अंगावर येणाऱ्याचा किंवा त्याच्याइतक्या बेपर्वाईचा. हा नियम पायी वा सायकलने जाणाऱ्यांना झालेल्या नुकसानीपुरता. मुलीने उभ्या गाडीला ओरखडा काढला तर तो खर्च तुमच्या कौटुंबिक दायित्व विम्यातून जातो. तो काढलेला नसेल तर काढा.

भारतात अशी वयाची रेघ नाही. मात्र लहान मुलाकडून मोठ्या माणसाच्या सावधपणाची अपेक्षा न्यायालयं धरत नाहीत. शाळा, बाग, सोसायटीचं फाटक अशा जागी मूल अचानक रस्त्यावर येईल हे चालकाने गृहीत धरायचं असतं.

प्रश्न: खड्डा चुकवायला मी जरा उजवीकडे झालो आणि मागच्या रिक्षाने ठोकलं. दोष माझा धरतील? (डोंबिवली)

थोडा धरू शकतील, मागे न पाहता एकदम वळला असाल तर. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर पुढची सायकल बाजूला होणार हे मागच्याने ओळखून अंतर ठेवायला हवं. ठोकणाऱ्याचा वाटा मोठाच राहतो. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा, लांबी-रुंदी-खोली मोजून. दुसऱ्या दिवशी त्यावर खडी पडलेली असते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूला ६ लाख आणि दुखापतीला ५०,००० ते २.५ लाख रुपये भरपाई संबंधित यंत्रणांनी द्यावी असा आदेश दिला आहे. म्हणजे तुमच्या प्रकरणात रिक्षाचा विमा आणि रस्त्याची मालकी असलेली यंत्रणा अशी दोन दारं ठोठावता येतील. रस्ता पालिकेचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा की एमएमआरडीएचा, हे आधी लेखी विचारून घ्या, नाहीतर तिन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतील.